एकाच ताग्यातले दोन खण

शरदने माळ्यावरची सुटकेस काढायला हात वर केला आणि स्टुलाशेजारी उभ्या असलेल्या अबोलीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. एवढंच झालं. सुटकेस खाली आली, धूळ उडाली, शरद शिंकला, आणि अबोलीने हात खाली घेताना केस नीट करत असल्याचं सोंग केलं. मी दारात कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते, मी बघितलं. शरदनेही बघितलं. स्टुलावर तो क्षणभर तसाच राहिला, एक हात हवेत, आणि मग म्हणाला, ‘हट ना गुड्डी, लागेल कुठे.’ या माणसाने पोरीवर कधी हात उचललेला नाही. बायकोवरही नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग डोकं झाकायची ही सवय तिला कुठे लागली, कोणाच्या घरात लागली, हे विचारायची गरजच नव्हती. तरी मी विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण शरदने खाली वाकून सुटकेसची चेन ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि म्हणाला, ‘चेन ठीक आहे. चायनाला हीच नेऊ.’ मला त्याच क्षणी ती सुटकेस उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. असं वाटतं म्हणजे नुसतं वाटत नाही, हाताच्या स्नायूंना वजन कळतं, मनगट तयार होतं. मी कपड्यांचा गठ्ठा पलंगावर टाकला आणि त्याचे मोजे मोजून ठेवायला बसले.

अबोली महिनाभरापूर्वी आली होती, पाठ भाजून. खांद्यापासून कमरेपर्यंत. शार्दूल, आमचा जावई, स्वतः सोडायला आला होता, हातात मलमाच्या ट्यूबा घेऊन. ‘गीझर खराब झाला होता, मम्मीजी. मी तर कधीचा बोलत होतो बदलायला.’ विजयनगरच्या त्या फ्लॅटचा गीझर मी बघितलेला आहे. नवा आहे, लग्नात आम्हीच दिलेला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बराच वेळ बघितलं आणि अबोलीला न विचारता मला विचारलं, ‘पाणी पाठीवरच कसं पडलं? माणूस नळाकडे पाठ करून नळ उघडतो का?’ मी अबोलीकडे बघितलं. ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. घरी येऊन मी शरदला ते तसंच्या तसं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘डॉक्टर लोकांना काय, कुछ भी बोलतात. अपघात आहे. पोरगी स्वतः बोलतेय ना अपघात आहे?’ आणि घरात ठरलं की तो अपघात आहे. आमच्याकडे गोष्टी अशाच ठरतात. कोणी ठराव मांडत नाही, कोणी हात वर करत नाही. आमटी वाढता वाढता ठरतं. त्यानंतर शार्दूलच्या आईचा, शशिकलाबाईंचा फोन आला की तुम्ही टूरवरून आल्यावर रविवारी अबोलीला न्यायला येतो, आणि शरद फोनवर इतक्या मोठ्याने ‘हाव जी, हाव जी, या ना, जेवूनच जा’ म्हणाला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. त्यांचं घराणं होळकरांच्या दरबारातलं, कारभारी. आमचं फौजेतलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर अजून तलवार आहे, दसऱ्याला तिला गंध-फूल वाहतात. शंभर वर्षांत तिने साधं लिंबू कापलेलं नाही. फौजेतल्या घराण्याला दरबारातून सोयरीक आली याचा आनंद शरदला लग्नात इतका झाला होता की वरातीत तो, गुडघे दुखत असताना, नाचला होता.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. कुमुदिनीबाई, वय झालं तरी आवाज कडक, माहेर खानदेशातलं. पलंगावर दोन हिरवे खण पसरलेले. ‘एकाच ताग्यातले आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘दुकानदार एक कापून देत होता, मी म्हटलं दोन दे.’ एक खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी असं त्यांनी एका पिशवीत घातलं. ‘तुमच्या त्या टूरच्या यादीत गरम पाण्याचे झरे आहेत ना? राजा-राणीचे? जिथे जमिनीतून गरम पाणी येतं तिथे देवी असते. आमच्याकडे उनपदेवच्या झऱ्यावर भरायचो. परमुलूख असला म्हणून काय झालं, तिची ओटी भर. पोरीचं नीट होऊ दे म्हण.’ दुसरा खण त्यांनी कपाटात ठेवला. तो अबोलीचा. रविवारी सासरी जाताना मुलीची ओटी आईने भरायची, त्यासाठी. आमच्यात लेक ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या आईने माझी भरली, ताप होता तरी उठून भरली. मी पिशवी घेतली. मला राग यायला हवा होता तो आला नाही, कारण घरात ‘पोरीचं नीट होऊ दे’ एवढं तरी बोलणारं तेच एक माणूस होतं.

तर ते झरे. चीनमधल्या शिआन शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. बस इंदूरच्या लोकांनी भरलेली, टूरवाला मुकुल भिया पुढे माइक घेऊन उभा, आणि सकाळी सकाळी बसमध्ये पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा आणि शेवेचा वास, कारण हॉटेलच्या नाश्त्यावर भरवसा नाही म्हणून भियाने पोह्यांचे डबे भरून घेतले होते. ‘भिया, अपना इंदूर साथ में है, चिंता नी,’ तो दर दहा मिनिटांनी म्हणायचा. आमची गाइड एक चिनी मुलगी होती, तिने आपलं नाव लिली सांगितलं. तिचं हिंदी पुस्तकातलं, एकदम शुद्ध. ‘आदरणीय अतिथिगण,’ ती म्हणायची, आणि मागच्या सीटवर हशा पिकायचा. मला ती आवडली. अबोलीच्याच वयाची, गळ्यात स्कार्फ, बोलताना हात छातीशी धरून ठेवायची. मी तिचा गळा बघत राहिले. आजकाल मी मुलींचे गळे, मनगटं, कोपरांच्या आतल्या बाजू बघते. बाजारात, बँकेत, अन्नपूर्णेच्या देवळाच्या रांगेत. कोणाच्या अंगावर काय झाकलंय ते बघायचं व्यसनच लागलंय मला, आणि एकदा बघायला लागलं की थांबता येत नाही.

आत शिरल्यावर तळं, विलोची झाडं, लाल खांबांचे मंडप, आणि मध्ये त्या आवडत्या राणीचा पांढरा पुतळा, नुकतीच न्हाऊन उठलेली, वस्त्र घसरलेलं. लोक तिच्या पायाशी उभे राहून फोटो काढत होते. शरदनेही काढला. त्याला इतिहासाचं वेड आहे, मोबाइलवर लढायांचे व्हिडिओ बघत झोपतो. लिली सांगत होती की बादशहा हिवाळ्यात सगळा दरबार घेऊन इथे यायचा, की राणीसाठी त्याने वेगळं कुंड बांधलं, फुलाच्या आकाराचं. मग ती आम्हाला वर एका जुन्या इमारतीकडे घेऊन गेली. तिथे अलीकडच्या काळातल्या एका बंडाच्या खुणा होत्या, काचेत आणि भिंतीत गोळ्यांची भोकं, नीट जपून ठेवलेली. एक मोठा नेता पहाटे खिडकीतून उडी मारून रात्रीच्या कपड्यांत डोंगरावर पळाला होता. शरद भोकात बोट घालायला गेला, पण वर काच होती. ‘क्या बात है,’ तो म्हणाला. मी त्या खिडकीकडे बघत होते. पुरुषाला पळायला खिडकी लागते. आमच्या न्हाणीघरांना खिडकी वर असते, वीतभर, वाफ जायला.

बाहेर एका ठिकाणी झऱ्याचं पाणी पितळी नळांना काढून दिलं होतं, प्रवाशांनी हात धुवावेत म्हणून. आमच्या बायका बाह्या वर करून रांगेत. माझी पाळी आली तेव्हा मी हात पुढे केला आणि पाणी खरंच गरम होतं, जमिनीतून आलेलं, कोणी न तापवलेलं. पहिल्यांदा बरं वाटलं. मग मी हात काढला नाही. मागची बाई म्हणाली, ‘भाभीजी, चलो ना,’ तरी मी काढला नाही. कातडी लाल व्हायला लागली. हे सोसतं, मी स्वतःशी म्हटलं, हे सोसण्यासारखं आहे, राजेराण्या यात बसायच्या. मग बादलीतलं किती असेल? कढत. वाफ येत असेल. वाफ दिसत असणार त्याला. बादली उचलायला दोन हात लागतात, कडीला धरून उचलायची, दुसऱ्या हाताने बुडाला आधार द्यायचा, बूडही तापलेलं असणार, त्याला चटका बसला असणार, आणि तरी त्याने सोडली नाही, नीट नेम धरला. ती वाकून केस धूत असेल. शाम्पू डोळ्यांत. मला सगळं दिसलं, कोणी न सांगता दिसलं, तिच्या पाठीचे मणके, त्यांच्यावरून ओघळणारा फेस. मी ओरडले नाही. माझ्या घशातून एक आवाज आला तेवढाच, आणि मागच्या बाईला वाटलं की मला पोळलं. ‘ठंडा पानी लाओ,’ ती म्हणाली, आणि तिने आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं.

माझं बालपण इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यातलं, वडील तिथल्या शाळेत मास्तर. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट खेळतात. खेळतात म्हणजे लढतात. हिंगोटाचं फळ पोखरायचं, वाळवायचं, आत बारूद भरायची, बत्ती पेटवून समोरच्या दळावर फेकायचं. इकडे तुर्रा दळ, तिकडे कलंगी. मैदानभर अंधार आणि आगीच्या रेघा. मी लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसले होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या अंगरख्यात हिंगोट शिरलं. तो आधी नाचतोय असंच मला वाटलं. मग कपडा पेटला आणि माणूस वाट्टेल तिकडे पळायला लागला, लोक बाजूला सरून त्याला वाट देत होते आणि टाळ्या वाजवत होते. माझे वडील, मुलांना कधी छडी न मारणारे, तेही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या खांद्यांचं हलणं मला मांड्यांना जाणवत होतं. दुसऱ्या दिवशी हातांना पट्ट्या बांधलेले तेच लोक चहाच्या टपरीवर एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी विचारलं, पोलीस का नाही आले? वडील म्हणाले, ‘बेटा, ती परंपरा आहे, त्यात केस होत नसते.’ पण तिथे निदान प्रत्येकाच्या एका हातात ढाल असायची. डोक्याला साफा असायचा. समोरून काय येणार ते ठाऊक असायचं आणि नको असेल त्याने मैदानात उतरायचं नाही, एवढी सोय होती. माझ्या पोरीला आम्ही साडी-शेला-गीझर देऊन मैदानात उतरवलं, आणि आता आम्ही बाजूला सरून तिला वाट देतोय. टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहिल्यात, त्या रविवारी वाजतील.

कुंडं एका मोठ्या छपराखाली होती. कठड्यावरून वाकून खाली बघायचं. मला वाटलं होतं पाणी असेल. वाफ, गंधकाचा वास, दगडी पायऱ्या, मी पायरीवर बसून पिशवी उघडेन, हळद-कुंकू वाहीन. खाली कोरडा खड्डा होता. बादशहाचं कुंड मोठं, राणीचं लहान, फुलाच्या आकाराचं, पाकळी पाकळी दगडात कोरलेली, आणि तळाला धूळ, कोणीतरी टाकलेली नाणी. मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले. ‘पाणी कुठेय?’ मी विचारलं. लिली म्हणाली, ‘जल अब यहाँ नहीं आता, आदरणीया. यह केवल अवशेष है।’ मग तिने पुढची गोष्ट सांगितली. बंड झालं. बादशहा राजधानी सोडून पळाला, राणीला बरोबर घेऊन. वाटेत त्याचे स्वतःचेच सैनिक अडून बसले. ‘उन्होंने कहा, जब तक ये जीवित हैं, हम आगे नहीं बढ़ेंगे। सम्राट बहुत रोए। फिर उन्होंने आज्ञा दे दी। रेशमी वस्त्र से उनका गला घोंट दिया गया।’ हे सांगताना लिलीचा हात नकळत स्कार्फकडे गेला. ‘बाद में सम्राट जीवन भर उनके लिए रोते रहे। कहते हैं, जब उन्होंने कब्र खुदवाई, तो केवल सुगंध की एक थैली मिली।’

सगळे ‘अरे रे’ म्हणाले. मुकुल भिया म्हणाला, ‘लव स्टोरी हो तो ऐसी, भिया.’ आणि मी शरदकडे बघितलं तर त्याचे डोळे भरलेले. खरंच भरलेले, तो चष्मा काढून पुसत होता. ‘किती प्रेम असेल बघ ना,’ तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘मरेपर्यंत रडला बिचारा. मजबुरी होती त्याची.’ आणि तेव्हा माझ्या आत जे झालं ते मी नीट सांगते, कारण ते मला स्वच्छ आठवतं. मला शरदला त्या कठड्यावरून खाली ढकलायचं होतं. तो पुढे वाकलेला होता, चष्मा हातात, तोल नव्हता. त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहात टेकवायचा आणि थोडा जोर. डोकं दगडावर कलिंगडासारखं फुटलं असतं. मला तो आवाजसुद्धा ऐकू आला. माझा हात उचलला गेला होता, त्याच्या शर्टाला बोटं लागली होती, शर्टाचा घाम बोटांना लागला. त्याला वाटलं मी सांत्वन करतेय. तो माझ्याकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसला. आणि त्या हसण्यात मला हा माणूस अगदी आरपार दिसला, तो वाईट नाही, तो रडेल, अबोलीला काही झालं तर हा मरेपर्यंत रडेल, तिच्या फोटोला रोज हार घालेल, तिच्या आवडीचं काही घरात शिजू देणार नाही. रडायला तो आत्तापासून तयार होता. मला माझ्याच हाताची भीती वाटली, मी तो मागे घेतला, पण त्यातला जोर जाईना, तो कुठेतरी जायला हवा होता.

मी पिशवी उघडली आणि खण त्या फुलासारख्या खड्ड्यात भिरकावला. तो उलगडत गेला, हिरवा, काठ चमकला, आणि तळाच्या धुळीत पडला. त्यावर तांदूळ मुठी भरभरून फेकले. दगड मारावेत तसे फेकले. हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, ती दगडावर आपटून उसळली. काय म्हणत होते मला माहीत नाही, मोठ्याने म्हणत होते एवढं खरं. पहारेकऱ्याची शिटी वाजली, लोक मागे सरले, मोबाइल वर झाले. शरदने माझा दंड धरला आणि ओढलं, इतक्या जोराने की खांद्यात कळ गेली. ‘पागल झाली का? काय तमाशा लावलाय? सगळी इंदूरची मंडळी बघतेय!’ त्याची बोटं रुतत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच रुतत होती. मी त्याला चारचौघांत कायम ‘अहो’ म्हणते; एकेरी फक्त मनात. ‘शरद,’ मी म्हटलं, ‘हात सोड.’ त्याने सोडला. मला वाटतं नावामुळेच सोडला. लिली पहारेकऱ्याची हात जोडून क्षमा मागत होती, मग माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, ‘यह क्या विधि थी?’ मी म्हटलं, ‘बेटी को ससुराल भेजते वक्त करते हैं.’ ती खाली खणाकडे बघत राहिली. ‘पर ये तो मर चुकी हैं,’ ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. मुकुल भियाने शेवेचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं, ‘टेन्शन नी लेने का, भाभीजी, गर्मी है,’ आणि पुढे निघून गेला. दंडावर शरदच्या बोटांचे वळ उठत होते. मी बाही वर करून त्यांच्याकडे बघत होते, शरद खिडकीबाहेर. मग तो म्हणाला, ‘रविवारी असलं काही करू नको. हात जोडतो.’ मी म्हटलं, ‘माळ्यावरची सुटकेस काढताना तुम्ही बघितलं होतं ना?’ बस बोगद्यात शिरली, काचेत त्याचं तोंड दिसलं. ‘बघितलं,’ तो म्हणाला. मला वाटलं होतं नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर मी त्याला कदाचित माफही केलं असतं. ‘मग?’ ‘मग काय, नीरजा? घरात ठेवून घ्यायची? किती दिवस? रोज कोणीतरी विचारणार, भाईसाब, बेटी अभी तक यहीं है? शार्दूलचे मामा, समाजातली लोकं, आपले दादा, सगळे एकच बोलतात, की पाठवून दे, एकदा मूल झालं की लाइनवर येतो. मी एकटा कोणाकोणाशी भांडू?’ बोगदा संपला. बाहेर डाळिंबाच्या बागा होत्या, ओळीने, अतिशय नीटनेटक्या. सैनिक, मी मनात म्हटलं. अडून बसलेत. बादशहाच्या वाटेत निदान तलवारी घेऊन बसले होते, आमच्याकडे मामा आणि दादा नुसते चहा पीत बसलेत.

रविवारी सकाळी अबोलीने स्वतःच बॅग भरली. मी तिच्या खोलीत गेले तर ती पाठीला मलम लावायचा प्रयत्न करत होती, हात पोचत नव्हता. मी लावलं. नवी कातडी गुलाबी, चकचकीत, बोटाखाली सरकणारी. ‘त्याने पाणी ओतलं,’ मी म्हटलं. विचारलं नाही, म्हटलं. तिची पाठ ताठ झाली. ‘आई, जाऊ दे ना. मी जाते. पप्पांचं बीपी वाढतं.’ ‘तुला जायचंय?’ ‘मला जायचंय की नाही हे कोणी विचारलंच कुठे,’ ती म्हणाली, आणि लगेच, ‘सॉरी. तू तर आत्ता विचारलंस.’ बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि तिच्या पाठीवर, माझ्या बोटांखाली, काटा उभा राहिला. जिथे भाजलं नव्हतं तेवढ्याच कातडीवर. भाजलेली तशीच राहिली, सपाट.

ते आले, बसले, पोहे खाल्ले. शशिकलाबाई सोफ्याच्या टोकाला, शार्दूल तलवारीच्या बरोबर खाली, पाय पसरून, शरदशी क्रिकेटवर बोलत. त्याचं हसणं चांगलं आहे, दात चांगले आहेत. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ‘नीरजाताई,’ शशिकलाबाई म्हणाल्या, ‘ओटी भरून घ्या ना, मग निघतो. आमच्याकडे तर नुसती वाट बघतायत सुनेची.’ शरदने माझ्याकडे बघितलं. ‘भर,’ तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. मी आत जाऊन ताट आणलं. दुसरा हिरवा खण, तांदूळ, हळदी-कुंकू, शेंडीचा नारळ. अबोली पाटावर बसली आणि पदर पुढे पसरला. माझे पाय तिच्यासमोर येऊन थांबले. खणाचा काठ तसाच चमकत होता. मी नारळ उचलला आणि पुढे हातच होईना. ‘मम्मीजी, जल्दी करो ना,’ शार्दूल उठत म्हणाला, ‘पुढे सगळीकडे जाम लागतो,’ आणि येऊन त्याने अबोलीच्या खांद्यावर हात ठेवला, मागून, पाठीकडून, दाबून. ती ओरडली नाही. तिने नुसता श्वास घेतला आणि तो बाहेर सोडलाच नाही.

मी नारळ वर केला. डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी. फोडायला उचलतात तसा नाही, फेकायला उचलतात तसा, गौतमपुऱ्याच्या मैदानात उचलत तसा. आणि शार्दूलने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कोपरं जवळ, मान आत, डोळे मिटलेले. अगदी तसंच. शशिकलाबाईंची बशी खाली पडली. पंखा फिरत होता. मी नारळ खाली केला नाही, फेकलाही नाही, शार्दूलला तसाच उभा ठेवला, माझ्या दिवाणखान्यात, आमच्या तलवारीखाली, आणि सगळ्यांना बघू दिलं. शरदला बघू दिलं. तो ते डोकं झाकणं ओळखत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. ‘क्या कर रहे हो आप!’ शार्दूल हातांच्या आडून म्हणाला, आवाज बारीक झालेला. ‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘बघत होते.’ मग शरद उठला. मला एक क्षण खरंच वाटलं की आता तो काही करेल. ‘शार्दूलजी, बसा ना,’ तो म्हणाला, ‘तिची तब्येत ठीक नाही, टूरवरून आल्यापासून. मैं माफी मांगता हूँ.’ त्याने हात जोडले. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘शरद, हात खाली घे,’ पण त्याने ते ऐकलं नाही.

ओटी भरली गेली नव्हती. तांदळाचा एक दाणासुद्धा तिच्या पदरात पडला नव्हता. अबोली पाटावरून बापाच्या जोडलेल्या हातांकडे बघत होती, मग नवऱ्याच्या झाकलेल्या डोक्याकडे, जे तो आता हळूहळू, लाजून, उघडत होता. केस नीट करत असल्याचं सोंग त्यानेही केलं. तिने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. मग ती उठली, पदर खांद्यावर घेतला, पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.